पोच

तेलावीच्या खाली, अलाझानीच्या खोऱ्यात
सप्टेंबरचं ऊन द्राक्षांवर ठाण मांडून बसलेलं.
फाटकापासून चर्चच्या वळणापर्यंत
सतरा ट्रॅक्टर, इंजिनं बंद.
वजनकाट्याच्या खोपटात त्सियाला
पुन्हा पुन्हा तेच बटण दाबते.
काटा सांगतो, दोन हजार एकशे चाळीस किलो.
ऑफिसातलं हिशेबाचं मशीन गप्प.
पावती नाही.

"केबल गेली असेल, इयामझे," ओतारी म्हणतो.
सकाळपासून त्यानं तीन केबली बदलल्यात.
केबल धडधाकट आहे, ओतारी.
दोन्ही मशीनं एकाच स्विचमध्ये,
चौथ्या आणि सातव्या भोकात,
मध्ये चार बोटांचं अंतर,
दोघांचे हिरवे दिवे लुकलुकतायत.
पण एक राहतं पाचच्या आळीत,
दुसरं आठच्या,
आणि आळी वेगळी असली की
भिंतीला भिंत लागून असली तरी
नाक्यावरून वळून जावं लागतं.

नाका म्हणजे तो जुना राऊटर,
मीच बसवलेला, माश्यांनी ठिपकाळलेला,
एक पाय मोडलाय, खाली काडेपेटी.
त्याला दोन्ही आळ्या तोंडपाठ.

काट्याकडून मी हाक मारते.
पिंग. उत्तर नाही.
पिंग.
बाहेर वाझा हॉर्न दाबून धरतो,
त्याच्या ट्रॉलीतून रकात्सितेलीचा रस ठिबकतोय.
गांधीलमाश्यांना कधीच कळलंय,
ऑफिसला तेवढं कळायचंय.

माझी आई टेलिफोन एक्सचेंजात होती.
म्हणायची, समोरचा बोलत नाही अशी तक्रार आली
तर आधी बघावं,
तो भलत्याच तारेत तर बोलत नाही ना.

म्हणून आठच्या आळीत जाऊन बसते,
हिशेबाच्या मशीनपाशी, कान लावून.
आणि बघते तर हाक येतेय!
एकूण एक हाक नीट दारात येतेय,
आणि हे बिचारं प्रत्येक हाकेला ओ देतंय.
ओ जाते मात्र
झुराबीनं ईस्टरला आणलेल्या पांढऱ्या डब्याकडे.
कॅमेऱ्यांसाठी आणला होता, चार कान टवकारलेला.
"आळीबाहेरचं काहीही असो, याच्याकडे द्यायचं,"
त्यानं मशीनला बजावून ठेवलं,
आणि काटा तर गेल्या हंगामापासून झाकलेलाच होता.
पाचची आळी त्या डब्याच्या गावीही नाही.
तो प्रत्येक उत्तर इमानानं उचलतो
आणि डोंगरापलीकडे भिरकावतो.

पुतण्याच्या नावानं ओतारी तोंड उघडतो.
मी हात वर करते. एकच ओळ लिहायचीय :
पाचच्या आळीला जायचं असेल तर जुन्या नाक्यावरून जा.
एंटर.

प्रिंटर खाकरला.
त्सियालानं छातीवर क्रूस काढला.
कागद बाहेर सरकला, दोन हजार ए…
आणि वीज गेली.

जनरेटर सुरू होईतो बारा मिनिटं.
मशीन जागं झालं, मघाचं सगळं विसरून.
चूक माझीच. घाईत तोंडी सांगितलं होतं,
लेखी द्यायचं राहून गेलं.
आता तीच ओळ, पण कायमची.
झुराबी शेजारी येऊन उभा राहिला, काही बोलला नाही,
पेटीवर खुणा करायच्या जाड पेन्सिलीनं
ती ओळ भिंतीवर उतरवून घेतली.

मग पावत्या निघू लागल्या.
वाझानं आपली उलटसुलट पाहिली.
"दोन हजार एकशे अठरा?
सकाळी चाळीस होते.
काय मोडलं होतं?"
मोडलं काहीच नव्हतं, मी म्हटलं.
"मग माझे बावीस किलो?"

ट्रॉलीखाली ओली, गोड, काळपट माती.
त्सियालानं माझ्याकडे पाहिलं,
मी ओतारीकडे.
ओतारीनं चष्मा शोधला, पेन झटकलं,
अठरावर आडवी रेघ मारली,
वर चाळीस लिहिलं, हातानं,
आणि खाली सही केली.